गळ आणि पाणी : टायगर मस्कीपासून हतनूरच्या मरळीपर्यंत

खानदेशातली मुलं नोकरीनिमित्त अमेरिकेत गेली आणि आई-वडील उन्हाळ्यात तिकडे राहायला जाऊ लागले, तसे आमच्याकडे येणारे प्रश्नही तिकडच्या तळ्यांचे यायला लागले. या वेळी अशा पत्रांना जास्त जागा दिली आहे. टायगर मस्की या तिकडच्या शिकारी माशाला जे लागू पडतं, त्यातलं बरंचसं आपल्या मरळीलाही लागू पडतं.

प्रश्न : हतनूरच्या बॅकवॉटरला मी पुष्कळ वर्षं मरळ धरतो. जुलैत मुलाकडे वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेनला जाणार आहे. तिथल्या तळ्यांत टायगर मस्की नावाचा मोठा मासा असतो म्हणे. त्याला कोणते लूर लागतात? माझी इथली काठी नेली तर चालेल का? (एक वाचक, भुसावळ)

आधी मासा समजून घ्या, मग लुराचं, म्हणजे नकली आमिषाचं, बोलू. नॉर्दर्न पाइक जातीचा नर आणि मस्केलंज जातीची मादी यांचा हा संकर. फिक्या अंगावर गडद, उभे, तुटक पट्टे असतात. त्याला पिलं होत नाहीत, त्यामुळे तळ्यात जेवढे सोडले तेवढेच राहतात आणि मत्स्यविभागाला त्यांची संख्या हातात ठेवता येते. वॉशिंग्टन राज्यात मेफील्ड तळ्यात १९८८ साली हे मासे पहिल्यांदा सोडले. पाइकमिनो आणि सकरसारखे नको इतके वाढलेले मासे त्यांनी खाऊन कमी करावेत, हा हेतू. तुमच्या मुलाच्या घरापासून सिल्व्हर लेक आणि न्यूमन लेक जवळ पडतील. उत्तरेला कर्ल्यू लेक आहे, ते जरा लांब.

नियम पक्का लक्षात ठेवा. त्या राज्यात दिवसाला एकच टायगर मस्की ठेवता येतो, तोही ५० इंच, म्हणजे साधारण १२७ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तरच. एवढा मासा क्वचित लागतो. म्हणजे तुम्ही धरलेला जवळजवळ प्रत्येक मासा परत पाण्यात जाणार आहे, आणि तयारी त्या हिशोबानेच करायची. परवाना तिथे पोचल्याबरोबर काढा. बाहेरच्या माणसासाठी एक, दोन, तीन दिवसांचे परवानेही मिळतात. त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक मुलाकडून एकदा वाचून घ्या.

काठी नेऊ नका. मरळीची साडेसहा-सात फुटी काठी १०-१५ ग्रॅमचा रबरी बेडूक छान फेकते. मस्कीचे लूर ६० ग्रॅमपासून सुरू होतात आणि १२०-१५० ग्रॅमपर्यंत जातात. असा लूर आपल्या काठीने जोरात फेकला तर शेंडा तरी तुटेल, नाहीतर दोरा तुटून लूर एकटाच तळ्यात जाईल. तिथे साडेआठ फुटांची ‘हेवी’ काठी, बेटकास्टिंग रीळ (जड लूर फेकायचं, आडव्या गुंडाळीचं) आणि ८० पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारा, ब्रेडेड (विणलेला) दोरा लागतो. मासा एवढा जड असतो म्हणून ८० पौंड, असं नाही. जड लूर फेकताना रीळ मध्येच अडकलं तर लागणारा झटका पातळ दोऱ्याला सोसत नाही, आणि पाणगवतात शिरलेला मासा लवकर बाहेर काढता आला पाहिजे, म्हणून. दोऱ्यापुढे फूट-दीड फुटाचा लीडर, म्हणजे दातांना दाद न देणारा जोडतुकडा, हवाच, स्टीलच्या तारेचा किंवा १०० ते १३० पौंडी फ्लोरोकार्बनचा. नुसता ब्रेडेड दोरा त्याचे दात क्षणात कापतात आणि तोंडात गळ अडकलेला मासा तसाच निघून जातो. हे सगळं दोन महिन्यांसाठी विकत घेण्यापेक्षा तिथल्या कुणाकडून उसनं मिळालं तर बरं.

आता लूर. दुकानात गेलात तर भिंतभर लूर दिसतील आणि माणूस रंगावर भुलतो. रंग शेवटी बघायचा. पहिलं पाण्याचं तापमान, दुसरं मासा किती खोलीवर उभा आहे, तिसरं लूर ओढायचा वेग. या तिन्हींचं जमलं की रंगाने थोडाच फरक पडतो. दोराला बांधून सोडायचा साधा थर्मामीटर घ्या. कोणत्याही महागड्या लुरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आत असेल, म्हणजे मे महिन्यात किंवा ऑक्टोबरअखेर, तर मासा आळसावलेला असतो. तेव्हा लूर लहान आणि ओढ सावकाश. १६ ते २२ अंशांत तो सगळ्यात जास्त हिंडतो आणि खातो. २२ ते २५ मध्येही खातो, पण पहाटे आणि संध्याकाळी. २७ अंश झाले की गळ गुंडाळून घरी यायचं. एवढ्या उबदार पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंजून थकलेला मासा सोडल्यावर पोहत जाताना दिसतो, पण नंतर खाली जाऊन मरतो. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये जाणार, म्हणजे लहान तळ्यांत हा आकडा गाठला जाण्याची भीती खरी आहे. सकाळी पाणी मोजल्याशिवाय पहिली फेक करू नका.

टायगर मस्की दबा धरणारा मासा. पाणगवताचा पट्टा जिथे संपतो आणि खोल पाणी सुरू होतं, त्या कडेला तो उभा असतो. गवतातली मोकळी खिंड, पाण्यात पडलेलं झाड, बोटींच्या धक्क्याची सावली, काठापासून आत गेलेली जमिनीची सोंड या त्याच्या जागा. खोली बहुतेक वेळा पाच ते बारा फूट. तळ्याचा मधला भाग चाळत बसू नका, कडा धरून चला.

जुलैसाठी चार लूर पुरे.

पहिला बकटेल, म्हणजे तारेवर फिरणारं पातं आणि मागे केसांचा झुपका. एका पात्याचा, आठ नंबरच्या आसपासचा घ्या. दहा नंबरची दोन पाती दिवसभर ओढली की खांदा भरून येतो, आणि तीस-पस्तीस इंची माशाला एवढं मोठं काही लागत नाही. लूर पाण्यात पडताच ओढायला लागा. पातं फिरतंय की नाही हे हातात कळतं, काठीत सतत बारीक थडथड येते. थडथड थांबली तर पात्यात गवताची काडी अडकली आहे. ती फेक वाया गेली, लगेच गुंडाळून साफ करा. उबदार पाण्यात ओढ वेगवान ठेवा. मासा पळणाऱ्या शिकारीमागे धावतो, रेंगाळणाऱ्या लुराकडे नुसता बघत राहतो.

दुसरा ग्लाइड बेट, सहा-सात इंची. तो सरळ ओढला तर नुसता लाकडाचा ओंडका. काठीचा शेंडा खाली धरून हलका ठोका, लगेच दोरा सैल, पुन्हा ठोका. दोरा सैल सोडला तरच लूर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळतो. नवशिका माणूस प्रत्येक ठोक्यानंतर दोरा ताणून धरतो आणि लूर वळतच नाही. झडप बहुतेक थांब्यावर येते.

तिसरा रबरी, आठ-नऊ इंची, मऊ शेपटीचा. थंड वारं येऊन आभाळ एकदम लख्ख झालं की मासे गवत सोडून खाली बारा ते वीस फुटांवर जातात. अशा दिवशी हा उपयोगी. लांब ओढ, मग तीन-चार सेकंद बुडू द्या, पुन्हा ओढ. बुडताना दोऱ्यावर नजर ठेवा. दोरा मध्येच थांबला किंवा बाजूला सरकला तर माशाने तोंडात घेतला आहे.

चौथा पाण्यावरचा, मागचं शेपूट गोल फिरून पाणी उडवणारा. पहाटे पाचच्या सुमाराला आणि सूर्य मावळताना, पाणी संथ असेल तेव्हा. वेग शेवटपर्यंत एकसारखा ठेवा. मागे पाणी फुगलेलं दिसलं की हात थांबतो. तो थांबू द्यायचा नाही. पाणी उसळल्याबरोबर हिसका देऊ नका. माशाचं वजन काठीत जाणवलं की मगच द्या. तुम्हाला मरळीच्या बेडकाची सवय आहे, त्यामुळे हे लवकर जमेल.

रंगाचं एवढंच. पाणी नितळ असेल तर पर्च किंवा सकर माशासारखा. पाणी गढूळ किंवा आभाळ भरलेलं असेल तर काळा-नारिंगी. कडक उन्हात चंदेरी पातं.

मुलाकडे बोट असेल तर सात-आठ इंची क्रँकबेट (ओढला की खोल जाणारा, माशाच्या आकाराचा लूर) बोटीमागे सोडून गवताच्या कडेने ताशी ५ ते ८ किलोमीटर वेगाने फिरवता येतो. लूर गवताच्या शेंड्यांना घासत चालला पाहिजे. तळ खरवडू लागला तर दोरा कमी सोडा.

प्रश्न : मूळ गाव धरणगाव, सध्या युटात राहतो. ऑग्डेनजवळच्या पाइनव्ह्यू जलाशयात टायगर मस्की बोटीपर्यंत लुरामागे येतो, बघतो आणि बुडी मारतो. असं का होतं? आणि लागला तर गळ काढायचा कसा? दात बघून भीती वाटते. (एक वाचक, युटा)

मागे येणं हा या माशाचा स्वभाव आहे, तुमचा लूर चुकला असं नाही. चूक शेवटच्या दोन मीटरांत होते. लूर बोटीजवळ आला की माणूस तो वर उचलतो. मासा खालून, एखाद-दोन मीटर मागून येत असतो. त्याच्या समोरची शिकार एकदम पाण्याबाहेर जाते आणि तो परत फिरतो.

म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी, मासा दिसो वा न दिसो, इंग्रजी आठचा आकडा काढायचा. लीडर शेंड्याच्या शेवटच्या कडीपासून वीतभर राहिला की गुंडाळणं थांबवा. लीडरचं स्विव्हल (फिरता जोड) कडीत ओढलं गेलं तर ते तिथेच अडकतं आणि मासा लागल्यावर दोरा सोडता येत नाही. आता काठीचा शेंडा पाण्यात बुडवा, कोपरापासून हात लांब करा आणि पाण्याखाली दोन मोठे, एकमेकांना जोडलेले गोल काढा. गोल जितके रुंद तितके चांगले, दोन-अडीच फुटांच्या आत नको. चारफुटी मासा अरुंद वळणात वळू शकत नाही. सरळ भागात वेग साधा ठेवा, वळणावर वाढवा आणि तिथेच लूर थोडा खोल न्या. मासा बहुतेक वेळा वळणातून बाहेर पडताना झडप घालतो. मासा दिसत असेल तर सहा-सात फेऱ्या मारा, नसेल तर दोन पुरे.

बोटीजवळ झडप आली की मधे दोरा एवढा थोडा असतो की ताण कुठेच मुरत नाही. हिसका वर देऊ नका, लूर तोंडातून निघून येतो. मासा ज्या दिशेने जातोय त्याच्या उलट्या बाजूला, काठी आडवी ठेवून ओढा. त्याच क्षणी रिळाची कळ दाबून अंगठ्याने दोरा धरत-सोडत राहा, म्हणजे पहिल्या धडकेत दोरा तुटत नाही. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा किती ताणावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक, आधीच हाताने ओढून तपासलेला असावा. दोन्ही हातांनी जोर लावल्यावरच दोरा सुटला पाहिजे.

एवढं करूनही मासा नुसता बघून गेला, तर जागा लक्षात ठेवा. तासा-दीड तासाने किंवा सूर्य मावळताना तिथेच परत या आणि या वेळी वेगळ्या जातीचा लूर टाका. बकटेलमागे आलेला मासा पुष्कळदा ग्लाइड बेट किंवा रबरी लूर धरतो.

गळ काढण्याचं साहित्य मासा लागण्याआधी हाताशी मांडून ठेवा. रबर चढवलेलं खोल, मोठं जाळं, अकरा इंची लांब चिमटा, गळ कापायची मजबूत कात्री. साधं सुती जाळं माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडतं, ते टाळा. गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे आधीच चिमट्याने दाबून सपाट करा. मासा जाळ्यात आला की जाळं पाण्यातच ठेवा, बोटीत उचलू नका. मासा पाण्यात श्वास घेत राहतो आणि तुम्हाला घाई होत नाही. चिमटा तोंडाच्या बाजूने घाला. कल्ल्यांच्या फटीत बोट घालायचं नाही, त्यात माशाचं आणि तुमच्या बोटाचं, दोघांचंही नुकसान आहे. गळ खोल असेल तर ओढत बसू नका, कात्रीने कापा. गळ चार-पाच रुपयांना नाही मिळत हे खरं, पण हा मासा तळ्यात परत पिलं घालून भरून निघणारा नाही.

फोटो काढायचा तर कॅमेरा तयार झाल्यावरच मासा वर घ्या. एक हात जबड्याखाली, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. उभा टांगला तर स्वतःच्याच वजनाने त्याला आतून इजा होते. दहा-पंधरा सेकंदांत पाण्यात परत. शेपटीजवळ धरून पाठ वर, पोट खाली असं पाण्यात स्थिर राहू द्या, पुढे-मागे हलवू नका. तो स्वतः झटका देईपर्यंत सोडू नका.

प्रश्न : वाघूर धरणाच्या कडेला गवतात रबरी बेडकावर मरळ जोरात येते, पाणी उडतं, पण दहातल्या बहुतेक वेळा लागत नाही. बेडूक बदलू का? (एक वाचक, जळगाव)

बेडूक बदलण्याआधी हात बदला. मरळ बेडूक तोंडात घेते, तोंड मिटते आणि खाली वळते, तेव्हाच गळ बसतो. पाणी उडाल्याबरोबर हिसका दिला तर तोंड उघडंच असतं आणि बेडूक तुमच्याकडे उडत येतो. पाणी उडाल्यावर काठीचा शेंडा बेडकाकडे झुकवा, सैल दोरा गुंडाळून घ्या, वजन जाणवलं की जोरात वर. मध्ये साधारण एक सेकंद जातो. तो सेकंद मनात ‘एक’ म्हणून मोजा.

मग बेडूक तपासा. पोटात पाणी शिरलं असेल तर तो बुडत चालतो आणि दबत नाही. पोट दाबून पाणी काढा. अंगठ्याने दाबल्यावर रबर सहज चपटं होऊन दोन्ही गळ उघडे पडले पाहिजेत. पडत नसतील तर ते गळ मरळीच्या तोंडातही उघडे पडणार नाहीत. गळांची टोकं चिमट्याने किंचित बाहेर वाकवा, अर्धा मिलिमीटर पुरे. जास्त वाकवली तर गवत गोळा होतं. मागचे पाय लांब असतील तर एक पाय थोडा कापा. लहान मरळ पायच पकडते आणि सुटते.

दोरा ३० ते ५० पौंडी ब्रेडेड ठेवा. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे लांबून दिलेला हिसका गळापर्यंत पोचतच नाही.

जागेचं सांगायचं तर मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून तिला ठरावीक वेळाने वर यावंच लागतं. पाण्यावर गोल उमटलं की अगदी त्यावर बेडूक आपटू नका. तीन-चार फूट पलीकडे टाका आणि ओढत त्या जागेवरून आणा. गवतातली खिडकी आली की बेडूक थांबवा, दोन वेळा जागच्या जागी हलवा. मार्चपासून पाणी उतरलं की सकाळी नऊच्या आत आणि चारनंतर. भर दुपारी, जळगावच्या त्या उन्हात, ती जलपर्णीच्या खाली सावलीत असते. तिथे जड बेडूक उंच फेकून पानांमधून खाली पाडावा लागतो.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा थवा बुडबुडताना दिसला, तर तिथे बेडूक टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात आणि ते भुकेपोटी नाही, पिलं वाचवायला झडप घालतात. त्यांना काढलं की इतर मासे थोड्याच वेळात सगळी पिलं खाऊन टाकतात. पुढच्या दोन-तीन हंगामांची मरळ एका संध्याकाळी जाते.

प्रश्न : टायगर मस्की एवढा चांगला खेळाचा मासा आहे, शिवाय त्याला पिलंही होत नाहीत, तर आमच्या शेततळ्यात किंवा करवंद धरणात आणून सोडता येईल का? (एक वाचक, शिरपूर)

नाही. परवानगीशिवाय परदेशी मासा आणणं आणि सोडणं बेकायदेशीर आहे. शिवाय तो आपल्याकडे जगणारही नाही. मेमध्ये खानदेशातल्या उथळ पाण्याचा वरचा थर ३० अंशांच्या वर जातो, आणि या माशाला २७ अंशांपासूनच त्रास सुरू होतो. पिलं होत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हेही खरं नाही. जगला तितके दिवस रोहू-कटल्याची बोटुकली खाईल. थाई मांगूर म्हणून विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी माशाचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. देशात २००० सालापासून त्याच्या पालनावर बंदी आहे आणि तरी तो नद्यांतून सापडतो. दबा धरून झडप घालणाऱ्या माशाचीच हौस असेल तर करवंदच्या काठच्या गवतात मरळ आहेच.

प्रश्न : प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजच्या पाण्यात शिवडा लुरावर येतो का? लीडर कोणता लावू? (एक वाचक, नंदुरबार)

येतो. तो अंधारात हिंडतो, तेव्हा दिवेलागणीनंतर दोन तास द्या. चार-पाच इंची, सहा ते दहा फूट खोल जाणारा क्रँकबेट किंवा १२ सेंटिमीटरचा रबरी शॅड (माशाच्या आकाराचा लूर), तळाजवळून सावकाश. दात बारीक पण पुष्कळ, खरकागदासारखे घासतात, म्हणून ५० ते ६० पौंडी मोनोफिलामेंटचा (एकपदरी नायलॉनचा) दोन फूट लीडर. प्रत्येक माशानंतर बोटाने चाचपून बघा, खरखरीत लागला तेवढा तुकडा कापून टाका. तार लागत नाही. पहिल्या पुरात शिवडा अंडी घालायला वर चढतो, त्या दिवसांतला मोठा मासा सोडून द्या. तापीत तो आता पूर्वीसारखा उरलेला नाही.

प्रश्न : धरणावर गळ टाकायला परवानगी कुणाची? पावसाळ्यात हतनूरच्या खालच्या बाजूला मासे जास्त लागतात म्हणतात. (एक वाचक, धुळे)

बहुतेक जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाने सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. काठच्या गावात संस्थेचा माणूस कोण हे विचारा, त्याला भेटा, ठरतील ते पैसे द्या आणि शक्यतो कागदावर घ्या. ठेकेदाराच्या जाळ्याजवळ गळ टाकू नका. भिंत आणि दरवाज्यांच्या परिसरात मासेमारीला मनाईच असते.

हतनूरच्या खालच्या बाजूबद्दल सरळ सांगतो, पावसाळ्यात तिथे उतरू नका. धरणाला ४१ दरवाजे आहेत. वर पूर्णेच्या किंवा तापीच्या खोऱ्यात पाऊस झाला की तुमच्यावर ऊन असतानाही दरवाजे उघडतात. भोंगा ऐकू आला तरी खडकाळ पात्रातून काठी, पिशवी, मासा सांभाळत काठावर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पाणी गुडघ्यावरून कमरेवर येतं. त्या दिवसांत गळ टाकायचाच तर चांगदेवच्या बाजूला, बॅकवॉटरच्या संथ कडेला बसा आणि पाणी चढताना मागे सरकायला मोकळी वाट ठेवा.